फिक्या खोलीचा हट्ट

रंगाच्या बाबतीत आमच्या साडूंइतका बेगुमान माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि होऊही नये अशी माझी प्रार्थना आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार कुरुंदा, धंदा हळदीचा, आणि डोक्यावर राणी रंगाचा फेटा. हा फेटा लग्नकार्यापुरता असता तर मी काही बोललो नसतो, पण हे गृहस्थ शेतात पाणी द्यायलाही तोच बांधून जातात. कुरुंद्यात त्यांचं घर कुणाला विचारावं लागत नाही. एस.टी.तून उतरलं की दिसतंच. बाहेरून मोरपंखी, ओसरी शेंदरी, स्वयंपाकघर पोपटी आणि देवघर असं जांभळं, की समईचा उजेडसुद्धा तिथं बिचकत पडतो. पोळ्याला सगळेच बैलांची शिंगं रंगवतात. यांनी एका पोळ्याला उरलेल्या रंगात गोठ्याचं दार, पाण्याची टाकी आणि शेजाऱ्याच्या कुंपणाचा खांब रंगवून टाकला. शेजारी भांडायला आला तर त्यालाच म्हणाले, "आरं, तुझा खांब उदास दिसून राहिला होता." माझ्या लग्नात त्यांनी हिरवाकंच कोट घातला होता. अजून कुणी अल्बम उघडला की पहिला प्रश्न येतो, "हा कोण हो?" लग्न माझं, पण अल्बम त्यांचा!

दुसरा गुण म्हणजे हट्ट. अंगणात जांभळाचं झाड पाहिजे म्हणून त्यांनी रोप लावलं. ते वाळलं, पुन्हा लावलं, तेही वाळलं, पुन्हा लावलं. जमीन चुनखडीची आहे, इथं जांभूळ यायचं नाही, असं गावातल्या जाणत्यांनी सांगून पाहिलं. साडू म्हणाले, "मग ते जमिनीनं बघावं." शेवटी झाडच कंटाळून जगलं असावं. आज त्याच्या सावलीत ट्रॅक्टर उभा असतो. ट्रॅक्टरचा रंग मी सांगत नाही.

अशा माणसानं आपल्या घरात एक फिकी झोपायची खोली करायचं मनावर घेतलं, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. झालं ते असं. साडूंची एकुलती एक पोरगी नांदेडला दिलेली. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, यात आमच्याकडे वाद नसतो. आक्कानं, म्हणजे साडूंच्या बायकोनं, बाळंतविड्याची तयारीही सुरू केली होती. पण पोरीला लहानपणापासून अर्धशिशी, आणि गरोदरपणात ती फारच वाढलेली. डॉक्टरीणबाईंनी जोरदार गोळ्या बंद केल्या होत्या. शांत जागी डोळे मिटून पडायचं, एवढंच औषध. मी तेव्हा साडूंच्या ओसरीवर चहा पीत होतो आणि फोन स्पीकरवर होता. पोरगी चाचरत म्हणाली, "आबा, रागावू नका. बाळंतपणाला मी इकडंच राहते. आपल्या घरात डोळे मिटले तरी रंग दिसतात मला."

साडूंनी फोन आक्काच्या हातात दिला आणि ते भिंतीकडे बघत बसले, जणू तो शेंदरी रंग दुसराच कुणी येऊन देऊन गेला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा चहा निवलेला मी पाहिला. मी निघालो तेव्हा फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "साडू, पोरगी इथंच येणार. मी खोली करून दावतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारी हिंगोलीला आमच्या दारात हजर. आम्ही नुकतीच आमची झोपायची खोली फॅशनप्रमाणे करून घेतली होती : भिंती ऑफ-व्हाइट, पडदे ऑफ-व्हाइट, चादर, कपाट, पायपुसणंसुद्धा ऑफ-व्हाइट. साडू दारातच थांबले. आवाज खाली आणून विचारतात कसे, "काहून हो, इथं कुणी आजारी हाय का?" मी चिडलो. म्हटलं, "यालाच चांगली अभिरुची म्हणतात." तर म्हणाले, "असंल. पण साडू, हे फिकं न्हाई, हे मेलेलं हाय. माझ्या पोरीला आराम पाहिजे, सुतक न्हाई." माझी बायको जेवायला वाढेपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही. खरं सांगायचं तर मलाही त्या खोलीत दवाखान्यात भरती झाल्यासारखं वाटायचं, पण हे त्यांना कोण सांगणार!

मग आमची वरात वसमतला रंगाच्या दुकानात. दुकानदारानं कार्ड पसरलं आणि एकेका फिक्या चौकोनाचं नाव सांगू लागला. आयव्हरी, क्रीम, बिस्किट. "बिस्किट?" साडू म्हणाले, "कोरडं का चहात बुडवलेलं?" दुकानदार बिचारा म्हणाला, दोन्ही आहेत. त्यांनी चहात बुडवलेलं घेतलं. पोरीसाठी निवडलेल्या मागल्या खोलीच्या मोरपंखी भिंती खरवडून तो रंग दिला, आणि खोली झाली हुबेहूब आमच्या खोलीसारखी. आक्का आत जाऊन क्षणभर बसली आणि बाहेर आली. "मयताच्या घरात बसल्यावाणी वाटून राहिलं," म्हणाली. साडूंनी पत्र्याचा तुकडा उचलला आणि सगळं पुन्हा खरवडून काढलं.

यानंतर त्यांना जे वेड लागलं त्याला तोड नाही. शेतातून येताना खिशात ज्वारीचं कणीस, कापसाचं बोंड, तुराटीचा तुकडा, लसणाची साल, वाळलेलं ढेकूळ. ते भिंतीला लावून लांबून बघायचे, जवळून बघायचे. एकदा मला फोन करून म्हणाले, "साडू, ज्वारीच्या एका दाण्यात किती फिके रंग हायेत म्हाईत हाय का? मी जन्मभर नुसतीच खाल्ली!" हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं की फिकी खोली मरते ती सगळं एकसारखं गुळगुळीत झाल्यामुळं. डोळ्याला गप्प बसवायचं असेल तर हाताला बोलू द्यावं लागतं. त्यांनी भिंतींना गव्हाचा भुसा घातलेली पांढरी माती थापली. ती जवळून खरबरीत आणि लांबून सायीसारखी दिसायची. पलंग काढून अंबाडीच्या दोरानं विणलेली बाज टाकली. तिच्यावर न रंगवलेल्या लोकरीची घोंगडी, तपकिरी आणि करडी, मेंढीच्या अंगावर होती तशीच. खिडकीला मांजरपाटाचे पडदे, कोपऱ्यात माठ, माठाखाली जुन्या सागवानाची तिवई. आणि परीक्षा घ्यायची रीत काय, तर डोळे मिटून खोलीत शिरायचं आणि चाचपत हिंडायचं. "जिथं हात कंटाळंल तिथं सांगा," म्हणाले. मला कंटाळा कसला येतो, माझी नडगी तिवईवर आपटली! तरी डोळे मिटल्यामिटल्या त्या मातीवर हात फिरवताना बरं वाटलं, हे कबूल करतो.

पोरीनं खोलीचे फोटो पाहिले आणि येते म्हणाली. आणि इथंच आमच्या साडूंनी अशी चूक केली, जी हळद पिकवणाराच करू जाणे. ते हळदच विसरले! उन्हाळ्याच्या तोंडाला शिजवलेली हळद वाळली की दरवर्षी घरामागं पॉलिशचा ढोल लागतो. त्यात हळकुंडं घोळतात, साल सुटते आणि पिवळा धुरळा उडतो. आजवर त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं, शेंदरी भिंतीवर हळद कुणाला दिसते? ढोल सकाळी नेहमीच्या जागी सुरू झाला, आणि माती नीट वाळावी म्हणून खोलीची खिडकी साडूंनी स्वतःच्या हातानं सताड उघडून ठेवलेली. दुपारी आक्का आत गेली आणि तिथूनच ओरडली, "अहो, तुमच्या भिंतीला हळद लागली! आता मांडव घाला!"

पोरीचं येणं दोन दिवसांवर आलेलं. साडूंची अशी तारांबळ उडाली की पांढरं म्हणून हाताला आला तो चुना त्यांनी कालवला आणि फासला भिंतीवर. आता हळदीत चुना पडला की काय होतं, हे आमच्याकडं शेंबडं पोरगंही सांगेल. कुंकू तसंच तर करतात! मी पोचलो तेव्हा साडू हातात कुंचा धरून उभे होते आणि समोरची भिंत लालभडक होत चालली होती. असा रंग त्यांनी जन्मात कधी घराला दिला नव्हता. आक्का हसून हसून उंबऱ्यावर बसली. मीही हसलो. मग साडूंनी तोंड वळवलं आणि आमचं दोघांचं हसू जागीच राहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "रंग माझा पिच्छाच सोडत न्हाई, साडू," म्हणाले. "बराबर हाय पोरीचं. तिनं इथं यायलाच नको."

देवाशपथ, त्या मोठ्या देहाच्या माणसाला तसं उभं बघवेना. पण आक्का उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "रडता काहून? माती हाय, पाणी हाय, हात हायेत. चला." ढोल बंद झाला. वाळलेली हळद आणि ढोल ट्रॅक्टरनं पार ओढ्याकाठच्या शेतात हलवला. गाव हसलं, म्हणालं, पोरीसाठी खोली करतात हे ऐकलं होतं, हळदीला वनवास दिलेला पहिल्यांदा पाहिला. आक्कानं पडदे आणि घोंगडी धुऊन कडक उन्हात टाकली, कारण हळदीचा डाग उन्हालाच भितो. साडूंनी लाल भिंत खरवडली. आणि मी, हिंगोलीचा पांढरपेशा माणूस, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून माती तुडवली. पुन्हा थापली, पुन्हा पोतारली. दाराआड तेवढा एक तळहाताएवढा तांबूस डाग काही केल्या गेला नाही.

पोरगी आली. साडू तिला हाताला धरून खोलीच्या दारापर्यंत घेऊन गेले आणि एकदम थबकले. डोक्याला हात लावला, फेटा उतरवला आणि दाराबाहेरच्या खुंटीला अडकवला. त्यांचं उघडं डोकं मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पाहत होतो. ते नेमकं भिंतीच्याच रंगाचं निघालं! पोरगी आत शिरली. भिंतीवरून हात फिरवत बाजेपर्यंत गेली, दोर चाचपला, घोंगडीवर गाल टेकला. "आबा," म्हणाली, "हाताला किती काय काय लागतं इथं." आणि झोपली ती चहाच्या वेळेपर्यंत. तोवर साडू बोडक्या डोक्यानं ओसरीवर पहारा करत होते. कुत्री हाकलली, शेजाऱ्याचा रेडिओ बंद करवला आणि भोंगा लावून वांगी विकणाऱ्याला थांबवून त्याची सगळी वांगी घेऊन टाकली. आम्ही पुढं किती दिवस वांगी खाल्ली ते विचारू नका.

दाराआडचा डाग पोरीला दुसऱ्या दिवशी दिसला. साडू लगेच माती कालवायला निघाले तर तिनं बाहीला धरून थांबवलं. "राहू द्या, आबा. तेवढं एक तुमचं असू द्या खोलीत." साडू मागल्या अंगणात जाऊन बराच वेळ जांभळाखाली उगाच ट्रॅक्टर पुसत बसले.

नात झाली. रंगानं बापावर, आवाजानं आजोबावर. त्या खोलीतच तिचं बारसं झालं आणि दिवाळीच्या आधी पोरगी लेकरू घेऊन नांदेडला गेली. मला वाटलं, आता साडू बदला घेणार, खोलीला निदान शेंदरी तरी फासणार. परवा कुरुंद्याला गेलो तेव्हा ओसरी होती तशीच भडक होती, अंगणातल्या टाकीवर नवा जांभळा हात चढला होता, पण खोलीला कुणी बोट लावलं नव्हतं. साडू मला ती दाखवायला घेऊन गेले. दाराशी थांबून त्यांनी फेटा काढला, खुंटीला अडकवला आणि चपला बाहेर ठेवल्या.

"आता काहून काढता?" मी विचारलं. "आत कुणी न्हाई ना."

"व्हय," साडू कुजबुजले, "पण जरा हळू बोला."

मी चपला काढल्या आणि त्यांच्यामागून आत गेलो. आम्ही दोघं त्या रिकाम्या बाजेशेजारी बराच वेळ बसलो, आणि बोललो ते हळूच बोललो.