चौकटरावांनी मारलेली मेख

कुलपं बनवणाऱ्या त्या कंपनीच्या चारही मजल्यांवर कुजबुज होती, की चौकटरावांनी वेबसाईटमध्ये मेख मारून ठेवलीय. त्यांना काढलं की साईट कोसळणार! जिन्यात भेटेल तो दुसऱ्याच्या कानाला लागे, आणि वर "माझं नाव नको घेऊस हं" म्हणे.

चौकटराव हे अर्थात टोपणनाव. साईट त्यांनी एकट्याने उभी केलेली, तीही टेबलांवर. म्हणजे पानभर न दिसणाऱ्या रेघांचा तक्ता आखायचा; एका खान्यात कंपनीचं नाव, दुसऱ्यात मजकूर, तिसऱ्यात कुलपाचा फोटो. जमलं नाही तर खान्यात आणखी एक तक्ता. असे नऊ तक्ते, एकाच्या पोटात एक. घरीसुद्धा डब्यांची रांग वाकडी दिसली तर त्यांना घास उतरत नसे. "लग्न माझ्याशी केलंत की फूटपट्टीशी?" असं बायको विचारी.

पुढे साईट सीएसएसमध्ये करायला एक पोरगी नेमली गेली. तिच्या पद्धतीत मजकूर एकीकडे, रंगरूप आणि मांडणी वेगळ्या फाईलीत. तिथे एकदा रंग बदलला की दोनशे पानं एका दमात बदलतात. चौकटरावांना त्याला पंधरवडा लागे.

पोरीने वरचा तक्ता काढला, तर खालची मापांची यादी थेट फोटोंवर चढली. परत ठेवला, तर सगळं जागच्या जागी. बातमी वर पोचायला किती वेळ लागतो! साहेबांनी चौकटरावांना बोलावून सांगितलं, "शुक्रवारपर्यंत मेख काढा, नाहीतर तुम्ही निघा."

गुरुवारी चौकटरावांनी पोरीशेजारी खुर्ची ओढली.

"एकेचाळिसावी ओळ बघ."

"काय आहे तिथे?"

"काय नाही ते बघ."

पोरगी पडद्याला नाक लावून बसली. मग ओरडली, "अहो काका, टेबल संपल्याची खूणच नाही! हे बंदच केलेलं नाही!"

"हळू बोल गं!"

"मग इतकी वर्षं चाललं कसं?"

"ब्राउझर भला. त्याने चूक पोटात घातली. मला कळलं तोवर दीडशे पानं त्या चुकीला धरून बसवली होती. दुरुस्त केलं की सगळीच सरकायची."

"मग साहेबांना सांगा की!"

"लबाड म्हणवून गेलेलं बरं वाटतं गं. धांदरट म्हणवून राहायचं म्हणजे..."

"काकू काय म्हणाल्या?"

"म्हणाली, धांदरट तर तुम्ही आहातच. निदान पगार घेऊन राहा."

चौकटराव उठले, शर्ट खोचला आणि साहेबांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. साहेबांना खरं वाटेना. पोरीने येऊन ओळ दाखवली तेव्हा पटलं. सोमवारपासून चौकटराव तिच्याच हाताखाली सीएसएस शिकू लागले. मजल्यांवर मात्र कुणाचा विश्वास बसला नाही. इतका बेरकी माणूस चुकेल कसा?

मेख कुणी मारलेली नव्हती. टेबल बंद करायच्या वेळी त्यांना फोन आला होता. राँग नंबर होता.