पाया नसलेलं खोपटं

खोपटं मी स्वतः बांधलं म्हटलं की घरातले अजून हसतात. हसू देत बापडे!

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. प्रभादेवीला आमच्या बैठ्या चाळीमागे थोडी जागा होती, तिथे माझा मोगरा, अळू, दोन पपया. कुदळ, पहार, झारी मात्र घरात, खाटेखाली. सासूबाई ठेचकाळायच्या. मग चाळीच्या मालकांना विचारलं. ते म्हणाले, "बांधा खोपटं. पण पाया घालायचा नाही. मी सांगेन त्या दिवशी उपटायचं आणि जागा मोकळी करायची." त्यांना तिथे गोदाम हवं होतं. म्हणजे खोपट्याबरोबर माझी बागही जाणार.

आराखडा मी फरशीवर कोळशाने काढला. समुद्राचा वारा लागतो, तेव्हा खांब भक्कम हवेत. पण आणायचे कुठून? तेवढ्यात नाक्यावर पोलीसगाड्या अडवायला कुणी अख्खा पांगारा आडवा पाडला. दुसऱ्या दिवशी रस्ता मोकळा झाला, फांद्या कडेला पडल्या. आमचे हे मिलमधून येताना मांडीएवढ्या जाड चार फांद्या एकेक करून खांद्यावरून घेऊन आले. मी काटे तासले. गुडघाभर खड्डे खणून खांब उभे केले, भोवती माती ठोकली. वर पत्रा, बाजूला खोक्यांच्या फळ्या. सासूबाई उंबऱ्यात बसून बघत होत्या. तोंडातून चकार शब्द नाही. तेव्हाच मला संशय यायला हवा होता!

श्रावणात मी झारी घ्यायला गेले आणि किंचाळलेच. खांबाला पानं! चारही खांबांना! पत्रा एका बाजूने उचललेला. मला तर भुताटकीच वाटली. हे धावत आले.

सासूबाई आतून म्हणाल्या, "पांगारो तो. खयंय खुपसा, जगतलोच." म्हणजे कुठेही रोवा, फांदी जगणारच.

"अहो आई, मग आधी का नाही बोललात?"

"माका कोणी इचारल्यान?"

दिवाळी झाली आणि मालक दोन हमाल घेऊन आले. हमालांनी पत्रा उतरवला, दोर बांधून खांब ओढला. हलेना. दोघे घामाघूम. मालकांनी पानं बघितली. "पाया घालायचा नाही ठरलं होतं ना?"

"आमी खय घातलो?" सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या जमनीनच घातल्यान."

मालक भडकले. "कुऱ्हाड आणा!"

थोरल्या हमालाने खांबावरून हात फिरवला. मला विचारलं, "वहिनी, नाक्यावरचा काय हा?"

मी मान हलवली.

तो दोर गुंडाळायला लागला. "मालक, तो आमीच पाडला होता. त्या दिवशी गाड्या अडवायच्या होत्या म्हणून. परत नाय पाडणार."

"मजुरी मिळणार नाही!"

"नको."

दोघे चालायलाच लागले. मग मालकही गेले. त्या पांगाऱ्याला कुऱ्हाड लावायला दुसरं कुणी मिळेना, आणि जागेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

पत्रा आम्ही परत चढवला. पण खांब जाडच होत गेले, दार कधी धड लागलं नाही. फाल्गुनात वर लालभडक फुलं, खाली माझी कुदळ. येणारा जाणारा थबकून विचारायचा, "हे काय हो?"

सासूबाई सांगायच्या, "सुनेन बांधल्यान."