गुळाच्या पाण्यात टिकलेली अक्षरं

नगरच्या एका छापखान्यात यशया वीस वर्षं शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवत होता. इंग्रजी तो अडखळतच वाचायचा, पण कोपऱ्यातल्या एका पेटीतली इंग्रजी अक्षरं बोटांनीच ओळखायचा. जाड, ठसठशीत अक्षरं. तळाशी लहानसे पाय. 'आर'चा पाय तर उंबऱ्याबाहेर टाकल्यासारखा. शोभेपलीकडे या पायांचा काही उपयोग असेल का, असं त्याला नेहमी वाटे.

इंग्रज गेले त्या वर्षीच्या थंडीत मालक श्रीमंतशेठ म्हणाले, "साहेब गेले, आता त्यांची अक्षरं कशाला सांभाळायची? शनिवारी ती पेटी वितळवायला धाडू. शिसं तरी कामी येईल."

त्या दिवशी यशयाला भाकर गेली नाही.

दुसऱ्या दिवशी बेलापूरचे गुळाचे व्यापारी आसाराम ढेपेवर चिकटवायची एक ओलसर छापील चिठ्ठी नाचवत आले.

"शेठ, ह्ये वाचून दावा बरं! गुळाला पानी सुटलं अन् गावाचं नावच गेलं. बेलापूरला यायच्या ढेपा माझ्या भलतीकडंच फिरून आल्या. अन् स्टेशनातला बाबू इंग्रजीबिगर माल घेत न्हाई."

यशयाने चिठ्ठी उजेडात धरली. बारीक रेघा साफ गेल्या होत्या. रेघ जिथे जाड, तिथे थोडी शाई उरली होती.

"शेठ, त्या पेटीतली अक्षरं लावून बघू?"

"बघ. पण शनिवार म्हणजे शनिवार."

जाड अक्षराला शाईही जाड, हा त्या छापखान्याचा रिवाज. यशयाने इंग्रजीत 'बेलापूर' जुळवून त्यावर शाईचा रूळ दोनदा फिरवला आणि चिठ्ठी छापली. घरी येऊन चिठ्ठी गुळाच्या खड्यावर ठेवली, वर ओलं फडकं गुंडाळलं. शुक्रवारी सकाळी सोडलं तर 'बी'च्या पोटातल्या दोन्ही खिडक्या शाईने बुजलेल्या.

त्याची बायको दया डोकावली. "अहो, आधीच काळं ते अक्षर. त्याला आणखी काजळ कशाला थापलंत? आणि माझा गूळ नासलात तो वेगळाच!"

"आणखी काजळ!" म्हणत यशया उठला. मग तडक छापखान्यात गेला. या खेपेला रूळ एकदाच, हलका. दाब मात्र जास्त. दयाने गूळ लपवला होता, म्हणून खडा शेजारच्या केशरबाईंकडून आणला.

शनिवारी तो चिठ्ठी घेऊन पोचला तेव्हा हमालाने पेटी डोक्यावर घेतली होती. यशयाने दारातूनच चिठ्ठी उंच धरली. कागद सुरकुतलेला, तपकिरी झालेला.

"बेलापूर," शेठ गादीवरून म्हणाले. चष्मा त्यांच्या खिशातच होता. "अरे, उतरव ती पेटी."

चिठ्ठी बघायला आलेल्या आसारामांनी तिथल्या तिथे हजार चिठ्ठ्या सांगितल्या. यशया अजून चिठ्ठीच बघत होता. अक्षरांच्या कडा फिकटल्या होत्या, पण पाय काळेभोर होते. पाणी तिथे हरलं होतं.

संध्याकाळी त्याने आसारामांनी दिलेली ढेप दयापुढे ठेवली.

"हा गूळ मी झाकून ठेवणार," ती म्हणाली, "तुमच्यापासून."