बटण सोडा, जावईबापू

रेडिओवर ‘जेवण झालं का?’ असं विचारणारा माणूस मला आजही सहन होत नाही. समोरासमोर विचारा, फोनवर विचारा, वाटल्यास रोज विचारा. पण ज्या वाटेवरून एका वेळी एकालाच बोलता येतं, तिथं हा प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत बसणाऱ्याला पाहिलं की माझं डोकं तापतं. वय वाढलं की राग कमी होईल, असं बायकोला वाटत होतं. तो कमी झालेला नाही.

हे प्रकरण काय आहे ते आधी सांगतो. जालना जिल्ह्यातल्या वडीगोद्रीत महामार्गाला लागून माझं पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे, आणि तरुणपणापासून मला हॅम रेडिओचा नाद आहे. परीक्षा द्यायची, सरकारी परवाना घ्यायचा आणि आपल्या वायरलेस सेटवरून दुसऱ्या परवानावाल्यांशी बोलायचं, असा हा छंद. हातातला छोटा सेट फार लांब पोचत नाही. म्हणून मी रीतसर परवानगी काढून माझ्या शेतातल्या टेकाडावर रिपीटर बसवला. उंच लोखंडी खांब, त्यावर अँटेना, खाली पत्र्याच्या खोलीत यंत्र, ट्रकची बॅटरी आणि वर सोलरची प्लेट. लांबून आलेला बारीक आवाज हे यंत्र ऐकतं आणि त्याच क्षणी मोठ्या ताकदीनं पुन्हा सोडतं, की तो जालन्यापासून गोदाकाठापर्यंत सगळ्यांना ऐकू जातो. पण एका वेळी एकच आवाज. दोघांनी एकदम बोलायचं बटण दाबलं तर ज्याचा सेट दांडगा त्याचं ऐकू जातं आणि दुबळ्याचं विरून जातं.

खांब माझा, बॅटरी माझी, पण वाट सगळ्यांची, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. जिल्ह्यातले परवानावाले मोजकेच. रिपीटर एका ठरावीक टोननं, म्हणजे सेटमध्ये लावून ठेवायच्या बारीक सुरानं, उघडतो, तो टोन मी सगळ्यांना दिला, फुकट दिला. अटी साध्या होत्या. आधी ऐका. थोडक्यात बोला. समोरच्यानं बटण सोडलं की लगेच आपलं दाबू नका, मध्ये एखादा श्वास जाऊ द्या, कारण अडलेल्या माणसाला आत शिरायला तेवढीच फट असते. धंद्याचं बोलू नका. आणि परवाना नसलेल्या कोणाला टोन देऊ नका, मग तो सख्खा भाऊ का असेना.

फट ठेवायची अट आमच्या लोकांच्या पचनी पडली नाही. आमच्याकडे बोलताना कोणी थांबला तर तो रुसला असं समजतात. शिवाय आदब! नवा आवाज आला की सगळ्यांनी त्याला राम राम, जय भीम, सलाम घालायचा, घरच्यांची चौकशी करायची, आणि ज्याची चौकशी राहिली त्यानं मनात धरायचं. मी करवादायचो. ‘काका तापले’ म्हणून लोक हसायचे आणि पुन्हा एकमेकांच्या गुडघेदुखीकडं वळायचे.

मग माझ्या जावयानं परवाना काढला.

जावई जुन्या जालन्यातला, घाऊक कापडाच्या दुकानाचा. माणूस गोड बोलणारा, आल्यागेल्याला पाणी विचारणारा. लेकीला तिथं कसलं दुःख नाही, हेही सांगायला पाहिजे. त्यानं दुकानाच्या गच्चीवर अँटेना उभी केली, चांगला दांडगा सेट घेतला, आणि बघता बघता माझा रिपीटर लोकांच्या लेखी सासऱ्या-जावयाचा झाला. तो बोलायला लागला की बाकीचे गप्प. गाठी उतरवा, टेम्पो पाठवा, असं दुकानाचं बोलणं सर्रास चालायचं आणि सगळे निमूट ऐकायचे. पलीकडच्या गल्लीतल्या चुलतभावाला त्यानं परवाना नसताना सेट दिला, टोनही लावून दिला.

मी विचारलं तर म्हणाला, “मामा, घरचाच हाय की तो. बाहेरचा कोण हाय?”

जावयाला आमच्यात कसं बोलतात? हसत, आडून, चहा पाजून. मी तसंच बोललो, आणि तेवढंही बोलू नये म्हणून बायको दाराशी उभी राहून डोळे वटारत होती. जावयानं चहाचं कौतुक केलं. पुढच्याच दिवशी तो पुन्हा रिपीटरवरून टेम्पो बोलवत होता.

पावसाळ्याच्या शेवटी गोदावरीला पूर आला. वरच्या धरणाचं पाणी सुटलं, वीज गेली, पाठोपाठ मोबाइलचे टॉवर मुके झाले. कुंभार पिंपळगावच्या पुढं नदीकडच्या एका खेड्यात आमच्यातले एक शिक्षक अडकले होते. आम्ही त्यांना सर म्हणतो. कमी बोलणारा माणूस, पण हातात छोटा सेट आणि त्याची बॅटरी जपून वापरणारा. पाणी शिरलेल्या घरांतली माणसं त्यांनी शाळेच्या वरच्या मजल्यावर आणली होती. तालुक्याच्या बाजूला, जिथून बचावाच्या बोटी सुटत होत्या, तिथं आमच्यातले आणखी एक गृहस्थ गाडीतला मोठा सेट घेऊन बसले होते. सरांनी सांगायचं, त्यांनी बोट पाठवायची. अशी सगळी सोय माझ्या टेकाडावरच्या एका यंत्रावर उभी होती.

सकाळी मी दुकानात होतो, छोटा सेट गल्ल्यावर चालू. जालन्यात कुंडलिका नदीचं पाणी वाढलं होतं आणि जावई चुलतभावाला गोदामातल्या गाठी उचलायला सांगत होता. ते मी समजू शकलो. माल भिजत होता, फोन बंद होते. पण गाठी उचलून झाल्या आणि बोलणं थांबेना. पूर बघायला पुलावर किती गर्दी झाली, कोण घसरून पडलं, घरी भजी करून राह्यले का, कांद्याची का मिरचीची. एकानं सोडलं की दुसऱ्यानं दाबलंच.

त्या दोघांच्या मध्ये मला सरांचा आवाज ऐकू आला. “...शाळेत... बाईला...” एवढंच. वरून चुलतभाऊ आला. पुढच्या वेळी “...घोणस...” ऐकू आलं, आणि लगेच जावयाचं हसणं.

मी बटण दाबून ओरडलो. हातातल्या सेटचं त्या गच्चीवरच्या अँटेनापुढं काय चालणार! रिपीटर बंद करावा तर सरांची वाटच तुटणार. टेकाडावरच्या खोलीत माझा मोठा सेट होता, तिथून बोललो असतो तर सगळ्यांना दाबून टाकता आलं असतं. सेट गळ्यात अडकवला आणि मोटारसायकल काढली. काळ्या मातीचा शेतरस्ता, चाकाला चिखल धरत होता, शेवटी गाडी बांधाला टाकून पळालो. आणि त्या सबंध वाटेवर माझ्या छातीवर दोन माणसं भज्यांबद्दल बोलत होती. मी आयुष्यात कधी कोणाचा जीव घ्यावा असं म्हटलेलं नाही. त्या वाटेवर म्हटलं.

खोलीत शिरलो, मोठा माइक उचलला.

“बटण सोडा, जावईबापू! एक बाई मरून राह्यली तिकडं अन् तुम्हाला भजे सुचून राह्यलेत? अक्कल गहाण ठेवली का तुम्ही? बटण सोडा! आता कोणी ब्र काढला तर जालन्याला येऊन अँटेना उपटून टाकीन! सर, तुम्ही बोला.”

जिल्हाभर शांतता झाली. मग सरांचा आवाज आला, बारीक, पण स्वच्छ. “घोणस चावली. बाई हाय, उजव्या हाताला. दप्तरं हलवताना चावली. किती वेळचा बोलून राह्यलो मी. जल्दी बोट पाठवा.”

बोट गेली. बाई वाचली. ती त्या गावातल्या शिंप्याचं काम करणाऱ्या मुस्लिम घरातली. ती घरी शिवायची आणि नवरा बाजारात कपडे विकायचा. तिच्या उजव्या हाताची बोटं सडली आणि काढावी लागली. लवकर आली असती तर बोटं राहिली असती का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तसं छातीठोक सांगता येणार नाही. डॉक्टरांना येत नसेल, मला येतं.

सगळ्यात जास्त राग मला जावयाचाही आला नाही. बोटींपाशी बसलेल्या त्या गृहस्थांचा आला. त्यांचा सेट मोठा, अर्धवट शब्द त्यांनीही ऐकले होते. मी त्यांच्या घरी जाऊन जाब विचारला, तुम्ही मध्ये का बोलला नाहीत म्हणून.

ते म्हणाले, “तुमचे जावई व्हते, काका. मालकाच्या माणसाला आम्ही कसं गप करावं? बराबर दिसतं का ते?”

बराबर दिसतं का! रिपीटर चालवायला मी खांब रोवला, बॅटऱ्या बदलल्या, पावसात पडलेली वीज जमिनीत उतरावी म्हणून तांब्याची पट्टी गाडली. पण माझा मान राखायचा म्हणून माणसं मूग गिळून बसली, त्याच्यावर कुठली पट्टी गाडायची? चहा न घेता मी तिथून उठलो. त्या घरी परत गेलो नाही.

जावयाचं तर वेगळंच. त्यानं दिवाळीला लेकीला एकटीला पाठवलं. निरोप असा, की सगळ्या जिल्ह्यासमोर पाणउतारा केला, तर माफीही तिथंच मागावी. वरून म्हणाला, “वाचली ना बाई? मंग एवढं काय झालं?” मी त्याच दिवशी टेकाडावर जाऊन टोन बदलला. नवा टोन सगळ्यांना दिला, त्याला दिला नाही. लेक माझ्याशी काही बोलली नाही. तिनं फक्त आईला सांगितलं, की पप्पांना सांग, मी दोन्हीकडून ऐकून घेऊन राह्यले.

यंदा धोंड्याचा महिना आला. या महिन्यात जावयाला बोलवून धोंड्यांचं जेवण घालायचं, अनारसे द्यायचे, चांदीची वस्तू द्यायची. बायकोनं अबोला धरला. मी म्हणालो, बोलव. माझ्या तोंडून माफी निघेल असं समजून तो आला, आणि मीही ते समजू दिलं. मात्र त्याच दिवशी मी सरांना जेवायला बोलावलं, आणि त्यांच्याबरोबर त्या शिंपीकाम करणाऱ्या नवरा-बायकोलाही. मुद्दाम बोलावलं. बायकोला स्वयंपाकघरात सांगितलं तेव्हा तिनं हातातलं उलथनं माझ्याकडं रोखलं. सरांना मी हेतू सांगितला नव्हता. दारात जावई दिसल्यावर तो हेतू त्यांना कळला, आणि त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मला मान दुसरीकडं वळवावी लागली.

पानं वाढली. जावई नेहमीसारखाच गोड. सरांची विचारपूस केली, त्या बाईच्या नवऱ्याशी कापडाच्या भावावर बोलला. बाई भिंतीला टेकून बसली होती, उजवा हात पदराखाली, पानाला हात लावलेला नाही.

जावयाच्या ते लक्षात आलं. अशा गोष्टी त्याच्या लक्षात येतातच. तो पुढं वाकून म्हणाला, “भाभी, जेवा की. काहून जेवून न्हाई राह्यल्या?”

ती ओशाळली. “उल्टे हात से खाना पडता, भाईजान. लोकां के सामने शरम आती.”

“हाताला काय झालं?”

तिनं सांगितलं. कोणावर न चिडता, जसं गावात कोणीही विचारलं की सांगत असेल तसं. पूर, शाळा, दप्तरं, साप. सर पुन्हा पुन्हा बटण दाबत होते आणि ती त्यांच्या सेटला कान लावून होती. “दो आदमियां बातां कर रहे थे. भजियां की. खतमच नै होती थी उनकी बात. मैं सर को बोली, रुको, उनका हो जाने दो, बाद में अपन बोलेंगे.” मग ती थोडं हसली. “कौन थे, अल्ला जाने. घर के लोगां होंगे किसी के.”

जावयाचा घास हातातच राहिला. बायको अनारशांचं ताट घेऊन दारात उभी राहिली. या क्षणाची मी किती महिने वाट पाहिली होती! आता मला समाधान वाटायला हवं होतं. वाटलं नाही. राग होता तिथंच होता, फक्त त्याला आता माझाही पत्ता कळला होता.

सगळ्यांचे हात पानावरच थांबले. त्या बाईला ते बरं वाटलं नाही. तिनं पदर सावरला, डाव्या हातानं धोंड्याचं ताट जावयाकडं सरकवलं आणि म्हणाली, “आप क्यूं रुक गये, भाईजान? खाओ ना.”