मावशीचा घोट

माझ्या मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, यांच्याइतका उतावळा माणूस अख्ख्या सुरतेत दुसरा नसेल. सुरतेजवळच्या सचिन गावात कापडाच्या लूमवर उमर गेली, त्यामुळे तिथला खडखडाट अंगातच भिनलेला. बस पुरती थांबायच्या आत ते खाली उतरलेले असत, मंगलाष्टकं चालू असतानाच पंगत कुठं बसणार याची चौकशी करत, आणि तुम्ही बोलायला तोंड उघडलंत की वाक्य तेच पुरं करून टाकत, बहुधा चुकीचं. एकदा माझा ताप विचारायला डिंडोलीहून आले आणि मी उठून दार उघडेपर्यंत परतही गेले होते!

अशा माणसाच्या पदरी मावशीचं आजारपण आलं. लकव्यानं तिची उजवी बाजू गेली, वाचा गेली, गिळणंही अवघड झालं. साध्या पाण्यानंही ठसका लागायचा. घास श्वासनलिकेत गेला तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काकांनी आपल्या पद्धतीनं तोड काढली. ठेच्याचा खलबत्ता धुतला, सकाळच्या सगळ्या गोळ्या एकदम कुटल्या आणि दह्यात कालवून भरवल्या. थोड्याच वेळात मावशीची मान लुळी पडली. त्यातली रक्तदाबाची गोळी दिवसभर हळूहळू विरघळणारी होती. कुटल्यामुळे सगळं औषध एकदमच अंगात गेलं. मावशी वाचली. पण त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर काकांना मी पहिल्यांदाच एका जागी बसून राहिलेलं पाहिलं. फार वाईट वाटलं मला.

डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. आता काका मेडिकलवाल्याला प्रत्येक गोळी दाखवून विचारतात, "आ गोळीनो भुको कराय के नी?" म्हणजे ही कुटली तर चालते की नाही? तो हो म्हणाला तरी वर डॉक्टरांना फोन असतोच. मावशीला ताठ बसवायचं, हनुवटी जरा खाली, एकेक गोळी वेगळी, डॉक्टरांनी सांगितलं तसं घट्ट दह्यात, अर्धा अर्धा चमचा. मग तिच्या गळ्याकडे बघत बसायचं. मी मध्येच बोललो की डोळे वटारतात. गंमत म्हणजे तिच्याबरोबर ते स्वतःही आवंढा गिळतात.

परवा शेवटचा चमचा झाला तेव्हा दुपार टळली होती. आणि मावशी कितीतरी महिन्यांनी, अडखळत, घरच्या अहिराणीत बोलली, "तुम्ही... जेवनात का?"

काकांनी आधी वाकून तिचं तोंड रिकामं आहे ना ते पाहिलं. मग म्हणाले, "जेवनू ना." जेवलो की, म्हणे!

सकाळपासून त्यांच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. मावशीनं डावा हात हळूच त्यांच्या पोटावर ठेवला आणि नाही अशी मान हलवली. काकांना रडू फुटलं, आणि मलाही.