संरक्षणमंत्र्यांचा नातलग

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही — आणि तिला तर सगळं ठाऊक होतं.

चीनच्या लढाईचे दिवस. मी भिलाईच्या पोलाद कारखान्यात कोक ओव्हनवर, कोळशाच्या भट्ट्यांवर होतो. आपली फौज मागे हटत होती, आधीच्या संरक्षणमंत्र्यांना पद सोडावं लागलं आणि त्यांच्या जागी मराठी माणूस आला. कँटीनमध्ये माझी छाती फुगली. "अपने ही आदमी हैं," मी म्हणालो. मराठी आहेत, एवढंच म्हणायचं होतं — की नव्हतं? "रिश्ते में हैं क्या?" कुणीतरी विचारलं. मी नुसता हसलो. ते कुठले सह्याद्रीकडचे, मी भंडाऱ्याचा! पण संध्याकाळपर्यंत कारखान्याच्या वसाहतीत, आमच्या सेक्टरभर मी मंत्र्यांचा नातलग झालो होतो.

समोरच्या क्वार्टरमधल्या शेवंताबाईंचा मुलगा आघाडीवर होता. त्याची पत्रं थांबली होती. दुसऱ्याच दिवशी त्या दारात. "भाऊ, तुमच्या मंत्र्याले विचारा ना, माहा मधू कुठं आहे?"

खरं बोलायला काय झालं होतं मला? मी म्हणालो, विचारतो. आणि आठवड्याने — काय सांगू — म्हणालो, "विचारलं. खुशाल आहे."

त्यांनी चौकशीच सोडली. खुद्द मंत्र्यांचा निरोप आल्यावर कशाला करतील?

चौकशी केली ती माझ्या बायकोने, सुशीलाने. मला एका शब्दाने न टोकता. "भाऊचं खरं आहे, पण कागद पाहिजे जी," असं समजावून ती त्यांना रायपूरच्या लष्करी ऑफिसात नेत राहिली. बाबूंनी हाकललं, तरी पुन्हा गेली. शेवटी पत्ता लागला. मधूच्या पायाची बोटं बर्फात गेली होती. तो इस्पितळात पडून होता आणि लाजेपायी घरी कळवत नव्हता. आई जाऊन त्याला घेऊन आली.

पुढे संरक्षणमंत्री बदलत गेले, माझं नातं मात्र सेक्टरमध्ये कायम राहिलं. मधू घरी आला हे सुशीलाचे उपकार. माझी खोटी इज्जत राहिली, तेही तिचेच. किती मोठ्या मनाची बाई होती! ती असेपर्यंत मी तिला "बरं केलंस" एवढंही म्हणालो नाही.

मधू आला त्या दिवशी शेवंताबाईंनी मला कुंकू लावलं. सुशीला चहा घेऊन उभी होती.

"वहिनी, भाऊ होते म्हणून माहा मधू दिसला."

"हो जी," सुशीला म्हणाली.

शेवंताबाईंनी नारळ पुढे केला. मी तो दोन्ही हातांनी घेतला.