मितभाषी

शकू गेल्याची तार भंडाऱ्याला माझ्या शाळेत मधल्या सुट्टीत आली. तारेत तिचं नावसुद्धा नव्हतं. 'पत्नी वारली', आणि खाली त्याचं नाव. मितभाषी माणूस... हा शब्द एके काळी शकूला आणि मला फार आवडायचा. महिना होऊन गेला, पण त्या शब्दाची चीड काही जात नाही.

आम्ही दोघी सानगडीच्या, दोघींच्याही घरी धानाची शेती. गावच्या वाचनालयात पुस्तकांचं एकच कपाट होतं. मॅट्रिक होईपर्यंत त्यातल्या जुन्या कादंबऱ्या आम्ही दोनदा वाचून काढल्या. मी मोठ्यानं वाचायची, शकू ऐकायची, आणि नायक आला की म्हणायची, "थांब वं, ते पुन्हा वाच." भव्य कपाळ, सरळ नाक, पाणीदार डोळे. त्या थोर लेखकांचा नायक कधी ठेंगणा नसे. बसक्या नाकाचा माणूस यायचा तो हसवण्यापुरता. नायक बोलत नसे, कारण त्याचं मन खोल. तो रागावे, कारण त्याचं प्रेम मोठं. नायिकेनं फक्त वाट पाहायची, शेवटच्या दहा पानांत तो बोलतोच... आम्ही ते सगळं खरं मानलं.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी तिला पाहायला दोन मुलं आली. पहिला लाखांदूरकडचा शेतकरी, बुटका, पुढचे दात जरा बाहेर. पोहे खाताना ठसका लागेपर्यंत हसला, मग स्वतःची कपबशी उचलून आत नेऊन ठेवली आणि शकूच्या आईला म्हणाला, "काकू, पोहे मस्त झाले जी." आम्ही दाराआड तोंडात पदर कोंबून हसलो. दुसरा चिखल्याचा, खाणीवर कारकून. उंचापुरा, तसंच कपाळ, तसंच नाक. तासाभरात तीन वाक्यं बोलला असेल.

"तुले कसा वाटला?" शकूनं मला विचारलं.

"अवं, हा तं कादंबरीतूनच उठून आला!"

हे वाक्य माझं आहे. ते कुठल्याही लेखकाच्या माथी मारता येत नाही.

दोन वर्षांनी मी चिखल्याला गेले. वसाहतीतलं दोन खोल्यांचं घर, शकूच्या मांडीवर मुलगी. भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून तो सतरा दिवस तिच्याशी बोलला नव्हता. "काहून सहन करतं? माहेरी चाल," मी चिडून म्हणाले.

"आईले सांगतलं मी. आई म्हणते, मारत नाही, पेत नाही, आखीन काय पायजे तुले?" मग तांदूळ निवडता निवडता, मान खालीच ठेवून म्हणाली, "कादंबरी लग्नापाशी संपते ना वं. मंग तो घरी कसा वागते, ते लिवणाऱ्यानं पाह्यलंच नाही."

दरवर्षी येईन म्हणून मी निघाले. पुढच्या आठ वर्षांत दोनदा गेले.

यंदा तिला कावीळ झाली. शेजारणीनं मला सांगितलं, डोळे हळदीसारखे झाले तरी याचं तोंड बंदच. शेवटी शेजारणीनंच न राहवून म्हटलं, "भाऊ, तुमसरले दवाखान्यात न्या हिले." त्यानं पेपर खाली केला, "नाटकं आहेत," म्हणाला आणि पेपर पुन्हा वर केला. आठव्या दिवशी शेजाऱ्यांनीच तिला जीपमध्ये घातलं. तोवर तिची शुद्ध हरपली होती.

तेरवीला जमलेल्या बायका काय म्हणत होत्या? "किती धीराचा माणूस! डोळ्यात टिपूस नाही. आतल्या आत जळून राहिला बिचारा." ...त्यांनी तर कादंबऱ्या वाचल्याही नव्हत्या. आणि मी, जिला सगळं ठाऊक होतं, ती पत्रावळी मांडत राहिले.

त्या दुपारी स्वयंपाकघरात शकूची मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. नऊ वर्षांची. शाळेतल्या मैत्रिणीची काहीतरी गंमत भरभरून सांगू लागली. एवढ्यात अंगणात चपला वाजल्या. तिचं वाक्य तिथंच तुटलं. उठून तिनं तांब्या भरला, दाराशी नेऊन ठेवला आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली, शकू उभी राहायची अगदी तशी, श्वाससुद्धा जपून घेत.

"मग? पुढं काय झालं?" मी विचारलं.

तिनं ओठांवर बोट ठेवलं. "मावशी, आता बोलू नोको."